हिरव्याची पहिली खेळी

"माझ्या पटाला कुणी हात लावला?"

पाठीवरचं दप्तर न उतरवताच मी विचारलं, आणि विचारल्यावर लक्षात आलं की समोर कुणी नाहीच. आई आरोग्य केंद्रात, बाबा ड्युटीवर. आतल्या खोलीत हौसाआजी डोळ्यात थेंब घालून पडलेल्या. आणि टेबलावर पट पेटलेला.

त्यावर दोनच दिवे होते, एक लाल, एक हिरवा. दोन्ही आपापल्या वाटेच्या शेवटाला, मधल्या घराच्या तोंडाशी. म्हणजे कुणीतरी खेळत होतं, आणि डाव संपत आला होता. पण पटाचे दिवे कुणी खेळलं की दहाच मिनिटं पेटलेले राहतात, मग आपोआप विझतात. हे मला माहीत होतं, कारण ते मीच तसं बनवलं होतं. म्हणजे गेल्या दहा मिनिटांत कुणीतरी इथं बटण दाबून गेलं होतं. बाहेरच्या दाराचं तर मी आत्ता माझ्या किल्लीनं कुलूप काढलं होतं.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नववीत होते. आठवीपर्यंत मी अशी मुलगी होते की बाईंनी प्रश्न विचारला की मला तहान लागायची. मग प्रयोगशाळेत पहिल्यांदा तारांना डाग देऊन एक दिवा पेटवला, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायलाच लागले. अजून थांबलेले नाही. त्या वर्षीच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेनं माझं नाव दिलं होतं, आणि माझं यंत्र होतं, 'विजेवरचा सोंगट्यांचा पट'.

सोंगट्या आता फार कुणी खेळत नाही, म्हणून सांगते. कापडाचा फुलीसारखा पट असतो, चार पाय आणि मध्ये घर. सात कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं सोंगटी पुढं न्यायची. फेरी पुरी करून ती मधल्या घरात गेली की सोंगटी पिकली. पण पिकायला नेमकं दान पडावं लागतं. जास्त पडलं तर सोंगटी जागची हलत नाही. आणि एक गंमत म्हणजे, एकच कवडी उताणी पडली तर एक घर नाही, दहा घरं मिळतात. त्यामुळे सोंगट्यांत एकचं दान नसतंच. कमीत कमी दोन.

माझ्या पटावर सोंगट्यांच्या जागी दिवे होते. आईनं जुन्या इरकली साडीचा पट शिवला होता, त्याच्याखाली मी दिवे बसवले होते. एका बाजूला लाल बटण, समोरच्या बाजूला हिरवं. बटण दाबलं की कोपऱ्यातल्या पट्टीवर दानाचा आकडा उमटायचा आणि दिवा तेवढी घरं पुढं सरकायचा. लाल खेळल्याशिवाय हिरव्याचं बटण चालायचं नाही, हिरवा खेळल्याशिवाय लालचं. प्रत्येक खेळीची तारीख, वेळ आणि दान यंत्राच्या आठवणीत लिहिलं जायचं. ती आठवण फक्त एका डावापुरती होती. नवा डाव मांडायचा तर जुना पुसायचा.

आणि सोमवारी प्रदर्शन होतं. त्या दिवशी गुरुवार.

मी लॅपटॉप जोडून नोंदी काढल्या. एकोणीस होत्या. नऊ दिवसांपूर्वी सुरुवात. लाल रोज दुपारी दीडच्या आसपास, एकदाच. हिरवा मात्र वाटेल तेव्हा. कधी दुपारी सव्वादोनला, कधी संध्याकाळी, एकदा पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. चार्ट आणि फाईल रंगवण्याच्या नादात मी दहा दिवस पटाकडे फिरकलेही नव्हते, आणि पट माझ्यामागं खेळत बसला होता.

आणि सगळ्यांत पहिली ओळ होती: हिरवा, दान १.

मी ती तीनदा वाचली. एकचं दान मी यंत्राला शिकवलेलंच नव्हतं. ते पडू शकत नव्हतं.

"धक्क्यानं झालं असेल," बाबा घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले.

आमच्या कोयनानगरात कशाचंही उत्तर हेच असतं. दूध उतू गेलं, धक्का. गणितात नापास झालो, धक्का. पाहुण्यांच्या हातातला कप हलला तर पाहुणे अंगणात धावतात, आम्ही त्याच कपात बिस्कीट बुडवतो. त्यातून माझे बाबा भूकंप नोंदवणाऱ्या केंद्रात कामाला. दिवसात किती वेळा जमीन थरथरली ते कागदावर उतरतं आणि बाबा वहीत लिहितात. बहुतेक धक्के माणसाला कळतही नाहीत.

"बाबा, धक्का दीड वाजता बटण दाबायला येतो? रोज?"

"मग तूच दाबलं असशील झोपेत. तुझ्या तोंडाला झोपेत विश्रांती नसते, हाताला कशी असेल?"

आई म्हणाली, "आत्तेंना विचारलंस का?"

"त्यांना कसं विचारू?" मी आवाज खाली आणला. "आल्या त्या दिवशी काय झालं, विसरलीस?"

हौसाआजी म्हणजे बाबांच्या आत्या. चिपळूणला असतात, जन्मभर अंगणवाडी चालवली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं त्यांच्यासमोर पट नेला. त्यांनी साडीचं कापड चाचपलं, फुलीचा आकार बोटांना कळला आणि हात असा मागं घेतला, जसा काही तो तवा होता.

"ह्ये माझ्याम्होरं नगं मांडूस, बाळा."

"कापडाचा नाही आजी, विजेचा आहे. सोंगट्या हरवत नाहीत, मांजर लवंडत नाही. आणि डाव अर्धा राहिला ना, तरी यंत्र विसरत नाही. कितीही जुना अर्धा डाव असू दे, दिवे तिथं तिथं मांडायचे आणि पुढं खेळायचं. कसं मांडायचं दाखवू?"

आणि मी दाखवलं. समोरच्याला नको असलं तरी दाखवायचं, हा माझा तेव्हा नवीनच लागलेला गुण होता. आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

शुक्रवारी मी मधल्या सुट्टीत पोट दुखतंय सांगून निघाले, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले आणि मांडणीच्या आड उभी राहिले. दीड वाजता आतल्या खोलीतली खाट करकरली.

भिंतीला हात लावत हौसाआजी आल्या. टेबलापाशी खुर्ची ओढून लालच्या बाजूला बसल्या. पदर नीट केला. आपल्याकडे कुणाच्या घरी गेल्यावर करतात तसा. मग लाल बटण दाबलं. पट उजळला. पट्टीवर आकडा आला, दहा. लाल दिवा हलला नाही.

"न्हाय पडलं," त्या म्हणाल्या. "घे दादा, तुझं."

समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. त्या तिकडेच बघत बसल्या, बरा झालेला एक डोळा बारीक करून. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. पाच मिनिटं झाली असतील, सात असतील. मग माझ्या कानाशी मांडणीतल्या वाट्या एकमेकींना लागल्या, किणकिण, अगदी हलकेच, कुणीतरी उठताना बांगड्या वाजाव्यात तशा.

पट्टीवर आकडा बदलला. सात. हिरव्याचं दान.

हिरव्या बटणाला कुणी हात लावला नव्हता. मी दोन्ही डोळ्यांनी बघत होते.

"लई पडलं रे तुला," हौसाआजी म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. उद्या."

आणि उठायला लागल्या. माझ्या हातातून डबा पडला, तो त्यांनी ऐकला.

"कोण? केतकी?"

लपण्यात अर्थ नव्हता. मी बाहेर आले. मला वाटलं होतं त्या दचकतील, पण त्यांनी नुसती खुर्ची पुन्हा ओढली आणि बसल्या.

"आजी, तुम्ही कुणाशी बोलत होता?"

"गजादादासंगं. माझा भाऊ. तुला कुठनं ठावं असणार."

सदुसष्टच्या भूकंपात त्या नऊ वर्षांच्या होत्या, गजादादा बारा. आदल्या रात्री दोघं सोंगट्या खेळत होते. दोघांची एकेकच सोंगटी पिकायची राहिली होती, पण काही केल्या नेमकं दान पडेना. शेवटी आईनं कंदील उचलला आणि झोपा म्हणून दटावलं. आणि त्यांच्या घरात एक रीत होती, अर्धा पट उचलायचा नाही. मांडलेला पट पुरा खेळूनच गुंडाळायचा, नाहीतर तसाच पसरून ठेवायचा, दोन दिवस लागले तरी.

"सकाळी पयलं दान माझं, म्हनाला. आनि पटापाशीच आडवा झाला, आतल्या खोलीत. मी राखतो म्हनाला. मी आईपाशी सोप्यात झोपले."

पुढचं सांगायची गरज नव्हती. पहाटे काय झालं ते कोयनेतल्या पाचवीच्या मुलालाही माहीत असतं. दगडी भिंती आतल्या खोलीवर पडल्या, आणि बाहेरचा सोपा उभा राहिला.

"तू म्हनालीस, अर्धा डाव कितीबी जुना असू दे. मग मांडला. घरं सगळी ध्यानात हायेत माझ्या. कापडाच्या पटावरच्या सोंगट्या मला दिसल्या नसत्या बग, ह्ये दिवं दिसत्यात." त्यांनी लाल दिव्यावर बोट ठेवलं. "मला पाच पायजे. त्याला तीन."

मी पट बघितला. "तीन नाही आजी, दोन."

"तीन."

"मोजून बघा ना. हे पुढचं घर, एक, आणि मधलं घर, दोन."

त्यांनी बोटानं कापड चाचपत मोजलं. पुन्हा मोजलं. मग बोट तिथंच राहिलं.

"डोळा अजून धूसर हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, "पर तुझं यंत्र ग्वाड खेळतं हां. मी आपलं लालच दाबते. हिरव्याचं तेवढं त्ये बगतं."

माझं यंत्र खेळत नाही. ते फक्त मोजतं, सरकवतं आणि लिहितं. हिरवं बटण कुणीतरी दाबल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. हे सगळं मी आत्ता तुम्हाला सांगतेय तसं तेव्हा एका दमात सांगून टाकलं असतं. पण मांडणीतल्या वाट्यांचा आवाज अजून माझ्या कानात होता.

"हो आजी," मी म्हटलं.

संध्याकाळी बाबांनी पट उलटा केला, हिरव्या बटणाला टिचकी मारली आणि हसले.

"डाग कुणी दिलाय हा? बटण सैल आहे. टेबल जरा हललं की आत टेकतं. म्हटलं होतं ना, धक्का?"

"प्रत्येक वेळी?"

"हिरव्याची पाळी असताना जो पहिला धक्का येईल तो हिरव्याचं बटण दाबणार. मग लाल खेळेपर्यंत ते चालतच नाही. आत्ते रोज एकदा खेळतात, म्हणून हिरवाही रोज एकदाच. थांब, उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्राच्या वहीतून वेळा उतरवून आणल्या. मी माझ्या नोंदींची वही घेतली. यंत्रातल्या सगळ्या ओळी मी हातानं त्यात लिहून काढल्या होत्या, परीक्षकांना वही लागते म्हणून. शुक्रवारपर्यंत हिरव्याच्या अकरा खेळ्या होत्या. मी वेळ वाचायची, बाबा आपल्या कागदावर बोट फिरवायचे.

"पाच दहा, पहाटे."

"आहे. दीड रिश्टरचासुद्धा नाही, पण आहे."

"दोन सतरा, दुपारी."

"आहे."

अकरापैकी दहा जुळल्या. आईच्या हातावरचे केस उभे राहिलेले मी बघितले. ज्या जमिनीनं त्या पोराला नेलं, तीच त्याच्या बाजूनं खेळत होती. बाबांच्या ते डोक्यातही आलं नाही. ते खूश होते, कारण गणित सुटलं होतं.

"आणि पहिली? त्या वेळी धक्का नाही?"

"नाही. पहिली सोड. मांडताना आत्तेंचा हात लागला असेल."

"पण दान एक पडलंय बाबा. एक पडूच शकत नाही."

"मांडताना काहीतरी अर्धवट दाबलं गेलं, आकडा अर्धवट आला. नवशिक्याचं यंत्र आहे, एवढं तर होणारच." मग ते डाग द्यायची बंदूक माझ्या हातात देत म्हणाले, "पक्कं कर ते बटण. आणि तो डाव पूस. परवा परीक्षकांसमोर नवा डाव मांडायचाय ना?"

दाराशी हौसाआजी उभ्या होत्या. केव्हापासून, माहीत नाही.

"पुसू नगंस, केतकी."

"आजी, पण एकाच डावाची जागा आहे हो आत. सोमवारी मी तिथं काय दाखवू?"

"अर्धा पट उचलायचा नसतो." त्या माझ्याशी बोलत होत्या, पण बघत हिरव्या दिव्याकडे होत्या. "एकदा उचललाय आमी. ढिगाऱ्यातनं."

बाबा खोलीतून निघून गेले. मी बंदूक खाली ठेवली.

"उद्या संध्याकाळपर्यंत," मी म्हटलं. "तोपर्यंत डाव संपला तर बरं. नाहीतर मला पुसावाच लागेल, आजी. शाळेचं नाव आहे."

हे मी फार रुबाबात म्हटलं. आता आठवलं की मला स्वतःलाच एक टपली मारावीशी वाटते.

शनिवारी लालला काय पडलं ते आठवत नाही, पण पाच पडलं नाही. हिरव्याला पंधरा मिनिटांत दान पडलं, तेही जास्तीचं. रविवारी जेवणं झाल्यावर आजी पदर नीट करून बसल्या. मी शेजारी. लालला सहा पडलं.

"घे दादा."

आणि मग आम्ही वाट बघत बसलो. दोन वाजले. तीन वाजले. दर दहा मिनिटांनी दिवे विझायचे आणि मी लाल बटण दाबून ते पुन्हा पेटवायची, पाळी नसल्यानं दान पडायचं नाही. कालपरवा घटकाभरात हललेली जमीन त्या दिवशी दगडासारखी पडून होती. जन्मात पहिल्यांदा मी धक्क्याची वाट बघत होते. चार वाजले. माझा चार्ट गुंडाळून दाराशी उभा होता, शाळेची गाडी सकाळी सहाला येणार होती.

"च्या टाकते," म्हणून आजी भिंत धरून आत गेल्या.

मी एकटी राहिले. हिरवं बटण माझ्या हातापासून वीतभर लांब. लॅपटॉप उघडाच होता. यंत्राला पुढचं दान दोनच पाड असं सांगायला मला एक ओळ पुरली असती. दोन पडतं, सोंगटी पिकते, डाव संपतो, आजी खूश, मी खूश. कुणाला कळणार होतं? मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आजींची पाठ दिसत होती. मी ओळ लिहिली. बोट हिरव्या बटणावर नेलं.

"केतकी," आजी आतून म्हणाल्या, मागं वळून न बघता, "त्याचं त्याला खेळू दे."

मी हात असा मागं घेतला, जसा त्यांनी पहिल्या दिवशी घेतला होता. ती ओळ पुसून टाकली, आणि पुसली गेली का ते दोनदा तपासलं. हे मी मुद्दाम सांगतेय.

त्यांनी आणलेल्या चहावर साय धरली तरी आम्ही तशाच बसलो होतो. बाहेर उजेड उतरत चालला होता. पाच वाजून वीस मिनिटांनी चहावरची साय थरथरली. आधी साय. मग वाट्या, मग खिडकीची काच, मग माझ्या पायाखालची फरशी. नेहमीपेक्षा मोठा होता. खालच्या चाळीत कुणाचं तरी कुत्रं ओरडायला लागलं.

पट्टीवर आकडा आला. दोन.

हिरवा दिवा सरकला, एक घर, मग मधल्या घरात. माझ्या यंत्रानं डाव संपल्याची बारीक शीळ वाजवली. ती मीच बसवली होती, पण मी दचकले.

हौसाआजींनी दोन्ही हात पटावर ठेवले.

"जिंकलास," त्या म्हणाल्या. "जिंकलास रं दादा."

त्या रडल्या नाहीत. त्यांनी मला डाव पुसायला सांगितलं, आणि मी पुसला. पट रिकामा झाला. मी बटणाला पक्का डाग दिला, टेबलावर चार गुद्दे मारून बघितले. हिरव्यानं हूं का चूं केलं नाही. बाबा ड्युटीवरून आले तेव्हा त्यांनीच सांगितलं, "पाच वीसचा चांगला होता. तुझ्या हिरव्याला काय पडलं?" सगळं कसं वहीतल्यासारखं जुळलं होतं.

प्रदर्शनात माझा दुसरा नंबर आला. पहिला नंबर भात मळायच्या यंत्राला गेला, आणि ते यंत्र बरं होतं, मी काही वाईट वाटून घेतलं नाही. परीक्षक बाईंनी विचारलं, यंत्रामुळं घरचा खेळ मरतो असं नाही वाटत का तुला? मी जरा थांबले आणि म्हणाले, नाही वाटत. का ते सांगता आलं नाही, आणि सांगता न येणं ही माझ्यासाठी त्या वर्षातली मोठीच बातमी होती.

मंगळवारी हौसाआजी चिपळूणला परत निघाल्या. मी त्यांच्या पिशवीत औषधं भरत होते. त्या खाटेवर बसून माझं बक्षिसाचं प्रमाणपत्र, डोळ्यामुळं अजून वाचता येत नसलं तरी, बोटांनी बघत होत्या.

"केतकी, तुला येक इचारू? त्याला दोनच पायजे व्हते, ह्ये तू नक्की मोजलं व्हतंस?"

"हो आजी. दिवे काय खोटं बोलतात?"

"मग माझंच चुकलं मांडताना." त्यांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं. "न्हाय. माझं चुकलं न्हाय. मी तीनावरच मांडली व्हती. मोजून."

मी औषधाची बाटली हातात धरून उभी राहिले.

"त्या राती त्याला दोनच पायजे व्हते. खरं तसंच व्हतं. आनि त्या राती पडलं न्हाय तरी एरवी त्याला दोनचं दान असं पडायचं, कवड्या जनू त्याचं ऐकायच्या. सकाळी पयलं दान त्याचं. म्हनजे मी हरनार. मंग तो झोपल्यावर मी गुपचूप आत गेले आनि त्याची सोंगटी येक घर मागं सरकवली. तीनावर. आनि आईपाशी येऊन झोपले." त्या खिडकीकडे बघत होत्या. "राखतो म्हनाला व्हता न्हवं. माझ्यापास्नंच राखत व्हता. म्हनून तर आत झोपला. आजवर कुनाला सांगितलं न्हाय. तुझ्या पटावर मांडतानाबी हातानं तीनावरच ठेवली. हाताला तेवढंच ठावं."

मी कपाटातून वही काढली. यंत्रातला डाव पुसला गेला होता, पण माझ्या अक्षरातल्या ओळी तशाच होत्या. पहिल्या पानावरची पहिली ओळ मी त्यांच्या बऱ्या डोळ्यासमोर धरली आणि वाचूनही दाखवली.

"मांडल्याबरोबरची आहे ही, आजी. तुम्ही लाल दाबायच्या आधीची. हिरव्याची पहिली खेळी. दान एक."

"येकाचं दान नसतं."

"नसतं."

"धक्का?"

"नव्हता. बाबांनी बघितलंय."

त्यांनी वही हातात घेतली. त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते जरासं पुढं सरकवलं, एका घराएवढं. बाहेर बाबांनी रिक्षा आल्याची हाक मारली. आजी जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू जे आलं, ते बघून मला हसावं की पळावं कळेना. साठी उलटलेल्या बाईच्या तोंडावर नऊ वर्षांची मुलगी बसली होती, चोरी पकडली गेलेली.

"म्हनजे जागा व्हता," त्या म्हणाल्या. "बगत व्हता सगळं. झोपेचं सोंग घिऊन पडला व्हता, गुलाम."